साळवे बाईंचं पोतं

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी दहा. दूध संघाच्या गोदामामागची खोली. हजर: डॉ. पठारे, देवळाली प्रवऱ्याचे गोरख थोरात, घोडेगाव-सोनई भागातले बाकीचे पशुधन पर्यवेक्षक, आणि हजेरी घेणारी मी, वंदना. चहा सांगितला आहे. खिडकीजवळच्या खिळ्याला गोणपाटाचं पोतं अडकवलेलं आहे, रिकामं. साळवे बाई नाहीत.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना आधी पोत्याबद्दल सांगायला हवं.

पशुधन पर्यवेक्षक म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. लस टोचणं, गाय भरवणं म्हणजे नळीने आत बीज सोडणं, ती गाभण राहिली की नाही ते हात घालून बघणं, ही त्याची रोजची कामं. पदविका घेतली, नोकरी लागली, की पुढे त्याला कुणी काही शिकवेल असं सहसा होत नाही. आमच्या संघात मात्र महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उजळणी वर्ग असतो. त्याची व्यवस्था माझ्याकडे. डॉक्टर नव्या औषधांवर, नव्या आजारांवर बोलतात. पण त्याआधी साळवे बाईंचं पोतं; बाई स्वतःही पर्यवेक्षकच, सगळ्यांत जुन्या.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा पाहिलं. एक उंच, सावळी, खणखणीत आवाजाची बाई टेबलाच्या पायांना पोतं बांधत होती आणि तिच्यापुढे टक्कल पडलेली, मिशा पिकलेली माणसं खांद्यापर्यंत रबरी मोजे चढवून रांगेत उभी होती. पोत्याला एक भोक. आत गाईचं गर्भाशय, म्हणजे बाईंनी घरी बसून बनवलेलं: सायकलच्या ट्यूबचे तुकडे, कापूस, पाण्याचे फुगे. न बघता हात घालायचा आणि सांगायचं. गाभण की रिकामी? किती महिन्यांची? गर्भ डावीकडे की उजवीकडे?

सगळ्यांत अवघड दीड महिन्याची गाभण. बाहेरून आकार जवळजवळ रिकाम्या गर्भपिशवीसारखाच. फक्त चिमटीत धरून हळूच सोडली की आतला पातळ पडदा बोटांतून सटकतो. बाई त्यासाठी फुग्यात फुगा घालून असं काही पाणी भरायच्या, की सटकणं अगदी गाईतल्यासारखं लागायचं.

"डोकं इसरत न्हाई, हात इसरतो," त्या म्हणायच्या. "डोक्याला पुस्तक उघडून दावता येतं. हाताला काय दावशील?"

त्यांचे वडील घोडेगावच्या बाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत त्यांनी जन्मभर बैलांचे सौदे केले. बाई म्हणायच्या, "बापाची बोटं रुमालाखाली, माजी पोत्यात. घरानं एकच हाय आमचं."

पोत्यात जो चुकेल त्याने पुढच्या वर्गापर्यंत गाय तपासायची नाही, हा बाईंचा नियम. कारण साधं होतं. गाभण गाईला रिकामी समजून पुन्हा भरवायला नळी घातली, तर पोटातलं वासरू जातं.

गोरख थोरात तेव्हाच नोकरीत चांगले मुरलेले होते. त्यांनी एकदा हात घालून ऐटीत सांगितलं, "रिकामी." बाईंनी पोतं उलटं केलं. दीड महिन्याची निघाली.

"गोरख, पुढल्या वर्गापत्तुर गाईच्या मागं उभं राहायचं न्हाई. तोंडापुढं राहा, चारा घाल."

"बाई, रबर हाय ते! खरी गाय मला दोन बोटांत कळती."

"रबरात वासरू न्हाई, म्हनून तर हितं चुकायचं."

"गावात तोंड कसं दाखवू मी?"

"लसी टोच. त्याला तोंड लागत न्हाई."

खोली हसली. थोरात महिनाभर लसी टोचत आणि बाईंना टाळत फिरले. पुढच्या वर्गाला मात्र मी कुलूप काढायच्या आधी दारात उभे होते, मोजा चढवून.

हा नियम संघाचा नव्हता. तरी सगळे पाळत, कारण शेवटचा नंबर बाईंचा स्वतःचा असे. त्यांनी भरलेलं पोतं त्यांना कळणारच, म्हणून त्यांच्या वेळी त्या तोंड भिंतीकडे करून उभ्या राहायच्या आणि पोतं मी भरायची. त्यांनीच बनवलेल्या वस्तूंतून मला वाटेल ती निवडायची, एवढंच माझं काम.

पहिल्यांदा भरलं तेव्हा बाईंनी विचारलं, "तू कदी गाईत हात घातलायस का?"

"नाही बाई. मी ऑफिसची माणूस."

"मग काय भरतीस ते तुला कसं ठावं? एकदा घाल. मोजा मी देते."

मी "घालते" म्हणाले आणि त्या दिवशीच्या कामांच्या यादीत शेवटी लिहून टाकलं. यादी बदलली की ती ओळ मी नव्या यादीत उतरवत गेले.

बाईंना साखरेचा आजार होता. सोनईच्या मुलाकडे गेल्या की गोड सोडायच्या, परत आल्या की नाताळच्या करंज्या वर्गात वाटताना दोन स्वतः खायच्या. एका थंडीत चहा आला. स्टीलचे पेले इतके तापलेले, की थोरातांनी रुमालात धरला, डॉक्टरांनी खाली ठेवला. बाई मात्र पेला मुठीत धरून शांतपणे बोलत राहिल्या. थोरात म्हणाले, "बाईचं कातडं म्हशीचं हाय!" बाईही हसल्या. मग त्यांनी पेल्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

त्यानंतर दोन-तीन वर्ग बाईंनी आपला नंबर टाळला. कधी बस गाठायची होती, कधी डॉक्टरांना उशीर होत होता. शेवटी एका शनिवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "वंदना, भर." आणि भिंतीकडे वळल्या.

मी दीड महिन्याची ठेवली, उजवीकडे. नेहमीसारखीच अवघड. सोपी ठेवावी असं मनात आलं होतं, पण बाईंसाठी सोपं ठेवणं हा बाईंचाच अपमान झाला असता.

त्यांनी हात घातला. एरवी दोन श्वासांत उत्तर यायचं. त्या दिवशी कोपर हलत राहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी हात काढला, मोजा काढला, बोटं साडीला पुसली आणि उघडा हात पुन्हा पोत्यात घातला.

"रिकामी," त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले.

"वंदना, काय हाय?"

"दीड महिना. उजवीकडे."

थोरात चटकन उठले. "बाई, फुगा जुना हाय. रबर कडक झालं असंल. मला दाखवा, मी—"

"गोरख, गाईच्या पोटात बी असंच म्हनशील का? रबर कडक झालं म्हनून?"

थोरात खाली बसले. बाईंनी पोत्यातून तो फुगा काढला आणि उजेडात धरून पाहिला. त्यांनीच तो घरी बसून बनवला होता. ज्या हाताने बनवला त्या हाताला तो ओळखू आला नव्हता.

"पुढल्या वर्गापत्तुर बंद," त्या म्हणाल्या. थोरातांना म्हणाल्या होत्या तशाच आवाजात. आणि मग, जरा थांबून, "लसी टोचीन मी."

पुढच्या वर्गाला त्यांनी पुन्हा हात घातला, त्याच्या पुढच्यालाही; दोन्हीदा चुकल्या. साखरेनं बोटं बधिर केली होती. मग घालणं सोडलं. गावं मात्र त्यांना सोडायला तयार नव्हती. लोक म्हणायचे, "आमच्या गाईला साळवे बाईच पायजे." बाई जायच्या, पण थोरातांना घेऊन. थोरात मोजा चढवायचे आणि बाई गाईच्या तोंडाशी, हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. मी एकदा बरोबर होते. त्या गाईशी बोलत होत्या आणि पाठीमागे अंगठा चार बोटांवरून फिरत होता, चिमटीत काहीतरी शोधत असल्यासारखा.

मला वाटलं होतं, आता बाई वर्गाला यायच्या नाहीत. त्या आल्या. फक्त जागा बदलली. टेबलामागून उठून पहिल्या बाकावर बसायला लागल्या. डॉक्टरांनी त्याच सुमाराला सोनोग्राफीचं लहान यंत्र मिळवलं होतं. आवारात गाय बांधली, डॉक्टरांनी यंत्र आत धरलं, आणि पडद्यावर करडं धुकं दिसायला लागलं. बाकीचे मागे उभे होते. बाई पदर खोचून पडद्याला नाक लावायच्या बेतात.

"डॉक्टरसाहेब, ते लुकलुकतंय ते काय?"

"काळीज, बाई. महिना-सव्वा महिन्याचं असेल."

बाईंनी पडद्यावरच्या त्या ठिपक्याशी बोट नेलं. मग म्हणाल्या, "येवढी वरसं बोटानं वळखलं याला. तोंड आज दावलं त्यानं." आणि लगेच मागे वळून थोरातांना, "लांब काय उभा राहतोस? हितं ये, शीक. मशीन बंद पडलं की हात, हात बंद पडला की मशीन."

गेल्या दिवाळीनंतर साखरेनं मूत्रपिंडं धरली. नाताळच्या आत बाई गेल्या. चर्चमागच्या जमिनीत माती देताना थोरात शेवटपर्यंत थांबले. त्यांनी मुठीतली माती हळूहळू बोटांतून सोडली.

आज पोतं रिकामं का, याचं उत्तर सोपं आहे. बाईंनी बनवलेले फुगे कुजले. मी नवे आणले, एकात एक घातले, पाणी भरलं. थोरातांनी चिमटीत धरून नकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हीच बनवा," मी म्हणाले.

"मी बनवलं तर मला वळखू येईल. परीक्षा माजी बी हाय. बनवनारा परीक्षेच्या भायेरचा पायजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् त्याला ठावं पायजे, काय बनवतोय ते."

बाहेर आवारात, कडुलिंबाखाली, थोरातांनी सोनईहून आणवलेली गाय बांधली आहे. दीड महिन्याची गाभण, डॉक्टरांनी यंत्रावर पाहून ठेवलेली. टेबलावर बाईंचा मोजा आहे, धुऊन, पावडर लावून. डॉक्टर म्हणतात, मी शेजारी उभा राहून सांगत जाईन, घाबरू नका. चहा येऊन गेला. हजेरी झाली. आजच्या यादीतली बाकी सगळी कामं मी खोडली आहेत.

शेवटची ओळ राहिली आहे: गाईत हात घालणे.