आतल्या कडेची चमक

त्याला सगळे लख्खशेठ म्हणत. शेठपण नावापुरतंच. मागच्या खोलीत एक जुनी मोटर, तिच्या दांड्याला कापडी चाक आणि पाण्याच्या पातेल्यात भिजत पडलेले पॉलिशपेपर, एवढीच त्याची इस्टेट. मोटरसायकलच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची झाकणं त्याच्याकडे यायची ती राखाडी, ओरखडलेली, खड्यांनी टोचलेली. आधी तो खरखरीत पेपर उभा चालवायचा, मग त्याहून मऊ पेपर आडवा. उभा ओरखडा नावालाही उरला नाही की पुढचा पेपर. मग चाकाला पॉलिशची वडी लावायची आणि झाकण धरायचं. काळ्या भुग्याने कपाळापासून कोपरापर्यंत अंग माखायचं. शेवटी बायकोच्या डब्यातलं मूठभर पीठ चोळून तेलकटपणा काढायचा. बायको म्हणायची, या घरात इंजिनं पोटभर जेवतात, माणसांनी बघत बसायचं. पण झाकण उन्हात ठेवलं की तीही हातातलं काम सोडून क्षणभर थांबायची.

त्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता. झाकणाची जी कड इंजिनाला टेकते, जी एकदा बोल्ट लागले की कोणाच्या नजरेला पडत नाही, तीही तो चाकावर धरायचा. अर्धवट काम आपल्या दारातून बाहेर जात नाही, असं सांगायचा.

झाकण बसवायचा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. फिटर होता, बोलायला कमी, हाताला नेमका. बेकरीवाल्याच्या गाडीचं झाकण असंच दोघांच्या हातून गेलं आणि आठ दिवसांत त्यातून तेल झिरपू लागलं. मेव्हण्याने झाकणाखालचं पॅकिंग बदललं, पुन्हा बदललं. तेल थांबेना. एका सकाळी पावाच्या रांगेत बेकरीवाल्याने लख्खशेठलाच विचारलं, चूक नक्की कोणाची? पाच-सहा जण ऐकत होते. लख्खशेठ हसून म्हणाला, "पोराचा हात जड आहे हो. बोल्ट आवळायला सांगितला, तर हा गळा आवळतो."

रांग हसली. ते वाक्य गल्लोगल्ली फिरलं आणि मेव्हण्याच्या दुकानापुढच्या गाड्या एकेक करून कमी झाल्या.

मग एक दिवस दुसऱ्याच फिटरने बसवलेलं झाकण गळतंय म्हणून परत आलं. खिडकीची उरलेली जाड काच लख्खशेठने टेबलावर ठेवली, झाकण तिच्यावर टेकवलं आणि एका बाजूने बोट दाबलं. झाकण डुललं. वाकून पाहिलं, तर कडेखालून उजेड येत होता. जी कड सपाट हवी, ती त्याच्या मऊ चाकाने गोलावून टाकली होती. तिथून तेल जाणार नाही तर काय होणार.

चार दिवस मोटर सुरू झाली नाही. बायकोने विचारलं, अंगात कसर आहे का? तो हो म्हणाला. भावाचं दुकान बसलं म्हणून ती हल्ली जेवताना गप्प असे. तिच्यासमोर जेवायला बसायचं तो टाळू लागला. पाचव्या दिवशी काच आणि झाकण घेऊन तो मेव्हण्याकडे गेला. दुकानात एकही गाडी नव्हती. मेव्हणा पुसलेलेच नट-बोल्टचे पाने पुन्हा पुसत बसला होता. लख्खशेठने काच मांडली, वर झाकण ठेवलं.

मेव्हण्याने हातही लावला नाही. "माहीत आहे, दाजी. बेकरीवाल्याचं मी तेव्हाच काचेवर ठेवून बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"ताई भेटेल त्याला तुमच्या कामाचं कौतुक सांगते. तिच्यापुढे काय बोलू?"

याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लख्खशेठला वाटलं. मान वर होईना.

"कड मी घासून सपाट करतो," मेव्हणा म्हणाला. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या सकाळी लख्खशेठ पावाच्या रांगेत उभा राहिला. नंबर आला. काळी नखं मुठीत लपवून तो हळूच म्हणाला, "तुमच्या गाडीचं झाकण मीच बिघडवलं होतं. मेव्हण्याच्या हाताचा दोष नाही."

आत कणीक मळायचं मशीन घरघरत होतं. बेकरीवाल्याने कानामागे हात धरला, म्हणाला, ऐकू नाही आलं. मागची माणसं बोलायची थांबली.

लख्खशेठने हातातला पाव खाली ठेवला आणि तेच वाक्य, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पुन्हा म्हटलं. या वेळी कोणी हसलं नाही.