मोहाखालचं काळं

माझं काम काय ते सांगितलं की लोक म्हणतात, वा, जंगलात फिरायला मिळतं तुम्हाला. कसलं डोंबलाचं फिरणं. चंद्रपुरात दुसऱ्या मजल्यावर एक खोली, कूलरचा खडखडाट अन् समोर पडदा. पडद्यावर ड्रोननं वरून काढलेले जंगलाचे फोटो. त्यावर मी माऊसनं रेघा ओढतो. हा साग, हा बांबू, हे गवत, हे पाणी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच आहे हे, फक्त माझा उंट जरा जास्तच उंच आहे.

मी ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढलो. वडील वीजकेंद्रात फिटर होते. दोरीवर टाकलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं, म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे कपडे सोडले तर आमच्या घरात पांढरं कोणी घेतच नसे. झाडं म्हणजे कॉलनीच्या रस्त्यावरचे गुलमोहर. पण आईचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाला लागून. मार्च लागला की ती शाळा बुडवून मला तिकडे न्यायची, मोह वेचायला.

मोहाचं फूल पहाटे गळतं. झाडाला तेव्हा पान नसतं, सगळा पाला खाली पडलेला असतो, अन् त्या पाल्यात फूल दिसत नाही. म्हणून हंगामाच्या आधी झाडाखालचा पाला झाडून बुंध्यापासून दूर ढीग करायचा अन् पेटवून द्यायचा. हातात ओली डहाळी घेऊन उभं राहायचं, आग पसरू द्यायची नाही. जमीन काळी, साफ होते, अन् दुसऱ्या दिवशी तिच्यावर पिवळं फूल लांबून दिसतं. आठव्या वर्षी मी स्वतः काडी लावली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणी म्हणेल की शहरातला माणूस, त्याला काय ठाऊक. मला ठाऊक होतं.

अहेरीकडच्या एका अभयारण्यात कुठे कोणती झाडं आहेत याचा नकाशा आमच्या कंपनीकडे आला. ड्रोन मार्चमध्ये उडवले, कारण मार्चमध्ये आभाळ साफ असतं. नकाशासाठी आठ वर्ग ठरवून दिले होते, त्यातला एक 'जळीत'. माझं काम मशीनला शिकवणं. दहा-वीस ठिकाणी आपण दाखवायचं की हे बघ, याला जळीत म्हणतात, मग ते सगळ्या जंगलात तसलं शोधून काढतं. मला एका नाल्याकाठी काळे गोल दिसले, स्वच्छ, ठळक. चहा पीत पीत मी त्यांच्याभोवती रेघा ओढल्या अन् मशीनला सांगितलं, जळीत.

मशीन आज्ञाधारक. त्यानं सगळे काळे गोल शोधले. मग एक बटन असतं, बारीकसारीक तुकडे जोडून एक करणारं, नकाशा नीटस दिसावा म्हणून. ते दाबलं. गोल गोलाला मिळाले अन् नाल्याकाठी जळीताचा एक मोठा विटकरी डाग तयार झाला. मला तो बघून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. काम उरकत होतं.

एप्रिलच्या शेवटी पडताळणीला गेलो. म्हणजे नकाशावर जे आहे ते जमिनीवर आहे का, हे प्रत्यक्ष बघायचं. तेंदूपत्त्याच्या तोडणीला अजून आठवडा होता, म्हणून गावातली माणसं मोकळी होती. रस्ता दाखवायला एक बाई आली. साठीच्या आसपासची, ढिवराच्या घरची, नवरा मागंच वारलेला. त्यांच्या घराचं पोट गावतलावाच्या मासोळीवर, पण फाल्गुनात तलाव आटला की मासोळी संपते, अन् मग पाऊस येईपर्यंत मोह. हे सगळं तिनं पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकलं. मला ती साहेब म्हणाली तर मी म्हटलं, बाई, साहेब नका म्हणू, माझी आई पण मोह वेचायची, मी पण वेचला आहे. तेव्हापासून भाऊ म्हणायला लागली.

नाल्याकाठी एका दगडावर बसून मी फोटोची प्रिंट काढली. ती मागून वाकून बघत होती.

"हे माह्यावाले झाडं व्हय," ती म्हणाली.

मी हसलो. "बाई, वरून काढलेला फोटो आहे हा. यात सगळी झाडं सारखीच दिसतात."

"तुमाले सारकी दिसत असन जी. हे पाहा. नाला इथी वाकला, तिथी हा मोठा. मंग हे दोघं जवळजवळ, यायले जावा-जावा म्हनतो आमी. मंग हा शेंडा मोडका. सात हाय माह्यावाले. अन् खाली झाडून ठेवलं हाय ना, तेच तं खूण. झाडलेलं हाय म्हणजे कोणाचं तरी हाय. माह्या सासूनं दाखवले मले, लगन झालं त्याच साली."

जन्मात कधी उंचावर न चढलेली बाई, अन् तिनं एका मिनिटात ओळखलं. कागदावर मोह कोणाच्या नावाचा नसतो, पण कोणतं झाड कोणाच्या घराचं हे सगळ्या गावाला माहीत असतं. सून आली की पहिल्या हंगामात सासू तिला झाडाखाली नेते, पाला तिच्याकडून झाडून घेते, काडी तिलाच लावायला लावते. झालं, झाडं सुनेची. ते काळे गोल म्हणजे त्या बायांचा सातबारा होता. अन् मी त्याच्यावर चहा पीत पीत जळीत लिहून आलो होतो.

"पोराचं लगन हाय या महिन्यात," ती सांगत होती. "पुढच्या मोहाले सुनेले घेऊन येईन. एकएक झाड दाखवीन. मंग माहं काम सरलं, मी मोकळी."

माझ्या हातात पडताळणीचा फॉर्म होता. त्यात प्रश्न: जमीन जळालेली आहे का? होय, नाही. मोहांना तांबूस नवी पालवी फुटलेली, झाडं कशी छान टवटवीत, पण खालची जमीन काळी ती काळीच. मी 'होय'वर टिक केली. दुसरं काय करणार होतो? शेऱ्याच्या रकान्यात मात्र बारीक अक्षरात लिहिलं की मोहफुलासाठी पाला जाळला आहे, झाडं चांगली आहेत. अन् वाटलं, केलं आपण आपलं काम.

तिनं नकाशाची दुसरी प्रिंट पाहिली, रंगवलेली. "अन् हा इटकरी रंग कायचा जी?"

"काही नाही बाई. रंग आहे नुसता, ओळखायला."

"बरा दिसते," ती म्हणाली.

आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो, पण त्या एका वाक्याची लाज मला अजून वाटते. त्या वेळी मनात होतं की परत गेलो की दुरुस्त करू, उगाच हिला कशाला घाबरवायचं. निघताना तिनं फोटोची प्रिंट मागितली, सुनेला दाखवायला. मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली.

चंद्रपूरला येऊन आमच्या टीमच्या साहेबांना सांगितलं. ते नागपूरचे, माणूस वाईट नाही, पण त्यांना काम उरकायची घाई.

"जमीन जळली हाय का नाई?" त्यांनी विचारलं.

"जळली आहे, पण सर..."

"मंग जळीतच ना यार. तूच टिक केली ना?"

"शेऱ्यात लिहिलं आहे मी."

"शेरा मशीन वाचत नाई. अन् नववा वर्ग आता आणू कुठून? मसुदा गेला वरती. तुले हे पहिले काऊन नाई दिसलं?"

आठव्या वर्षी ज्या हातानं काडी लावली त्याच हातानं माऊस धरला होता, अन् तरी दिसलं नाही. खालून बघितलेलं वरून ओळखू येत नाही, असं मी स्वतःला समजावतो. मग ती बाई आठवते, अन् ते समजावणं तिथंच संपतं.

नाल्याकाठचं जळीत काढून टाका, असा एक अर्ज मी लिहिला अन् वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिला. शिक्का मारून पोच मिळाली, ती अजून माझ्या कपाटात आहे. अर्ज पोचला एवढंच पोच सांगते, कोणी वाचला का ते सांगत नाही. आठवड्यानं फोन केला, मग महिन्यानं केला. मग पाऊस लागला अन् तिकडून एका ओळखीच्या वनरक्षकानं सांगितलं की नकाशातल्या विटकरी भागाला जाळीचं कुंपण लागलं. आत रोपं लावली, जंगल सुधारायला. फाटकाला कुलूप, माणसाला अन् गुराला आत जायला मनाई. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, इथं तर झोपाच बैल खाऊन बसला.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा ड्रोन उडवले. मागच्या वर्षीशी तुलना करायची होती, कुठे काय सुधारलं ते, अन् त्यासाठी यंदा नववा वर्गही मिळाला होता. नाल्याकाठचा फोटो उघडला तर एकही काळा गोल नाही. सगळीकडे वाळल्या पाल्याचा सारखा तपकिरी रंग. साहेब मागून येऊन म्हणाले, "पाय, फरक पडला ना?"

पडताळणीला यंदा मार्चमध्येच गेलो. वनरक्षकानं कुलूप काढलं. लावलेली रोपं बहुतेक वाळली होती. सात मोह होते तिथेच होते, अन् खाली पाला घोट्याएवढा. पाल्यावर फुलं, त्यांच्याखाली कालची फुलं, त्याखाली परवाची, सडून आंबट वास मारत होती. मी मूठभर उचलली. कोणाला द्यायची, काय सांगून द्यायची, ते समजेना. परत टाकून दिली.

मग बाईच्या घरी गेलो. जायचं नव्हतं, पाय घेऊन गेले. तिनं पाणी दिलं, सुनेनं चहा ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी नवा फोटो पुढे केला. तिनं तो उन्हात धरला, फिरवला, नाल्यावरून बोट नेलं, वाकणापाशी थांबली.

"हे माह्यावाले नोहे जी," ती म्हणाली. "माह्या झाडाखाली असा पाला रायत नाई."

तेव्हा मी सांगितलं. की तो विटकरी रंग म्हणजे जळीत, तो मी दिला होता, त्या रंगावर ते कुंपण लागलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फोटो माझ्या हातात परत दिला.

"पन तुमाले तं माईत होतं ना भाऊ," ती म्हणाली. "तुमी तं मोह येचेल हाय."

चहा आला, तो प्यायलो, नाही कसं म्हणणार.

निघताना सुनेनं आतून ते प्लास्टिकचं पाकीट आणलं, मागच्या वर्षीचा फोटो. कडा मळल्या होत्या. सासूनं तिला कुंपण लागल्यापासून त्यावरच झाडं शिकवली होती. सून माझ्यासमोर बोट ठेवून म्हणून दाखवू लागली, शाळेतल्या पोरीसारखी: नाला वाकला तिथं मोठा, मग जावा-जावा, मग शेंडा मोडका. सातही बरोबर सांगितले. मग मोठ्यावर बोट ठेवून सासूला विचारलं, "आत्याबाई, याचं फूल गोड हाय का हो, का कडू?"

"मोठ्याचं गोड हाय," बाई म्हणाली. "बाकीचे खाल्ल्यावर समजन तुले."

चंद्रपूरला आलो. कूलर लावला, पडदा उघडला, फॉर्म भरायला घेतला. जमीन जळालेली आहे का? नाही. झाडं उभी आहेत का? होय. शेऱ्याचा रकाना यंदा काढून टाकला होता. मी सात मोहांच्या त्या जागेला हिरवा रंग दिला अन् खाली वर्ग लिहिला, 'सुधारित'.