मासेवाल्या मॅडम

आज मी बेंगळुरूत आहे, हाताला काम आहे, रात्री झोप लागते आणि अनोळखी माणसाशी चार शब्द बोलता येतात. हे कुणामुळं, असं विचाराल तर देवाच्याही आधी माझ्या तोंडात मासेवाल्या मॅडमचं नाव येतं. खरं नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून कॉलेजची पोरं म्हणायची तेच लिहितो.

मॅडम अंबाजोगाईला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मागच्या बाजूच्या लांबट खोलीत त्यांच्या माशांच्या टाक्या होत्या. तिथं शिरताना त्या चपला बाहेर काढायच्या आणि पाळण्यात नुकतंच लेकरू निजलं असावं तशा चालायच्या. बोलणंही ओठातल्या ओठात. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आत देवघर आहे. एकदा कुणा विद्यार्थ्याची आजी दारातच हात जोडून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "आजी, देव नाही, मासे आहेत. पावलाचा धक्का पाण्यात जातो, त्यांना कळतो." आजी म्हणाली, "मंग देवच की गं बाई. पाऊल वळखतोय!"

मासे म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे. झेब्रामासे. एकदा एक पुढारी कॉलेज बघायला आले. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "ह्यांच्यावर कसला अभ्यास?" मॅडम म्हणाल्या, "भीतीचा, ताणाचा. माणसाच्या मेंदूचे आजार समजायला यांचा उपयोग होतो." पुढारी हसले. "एवढ्याशा माशाला कसलं टेन्शन? ह्याला काय इलेक्शन लढवायचंय?" मॅडमनी टाकीकडं बोट दाखवलं. सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. "साहेब, तुम्ही आत्ता टिचकी मारली ना? ते टेन्शन."

मी शिरूर कासारकडचा. शाळा सातवीत सुटली, कारण दिवाळी झाली की आमची वस्ती ऊस तोडायला निघायची आणि परत येईस्तोवर वर्ग पुढं गेलेला असायचा. चांगला मिसरूड फुटलेला बाप्या झालो होतो, तेव्हाची गोष्ट. भरल्या ट्रकात बसलो होतो, आणि काही कारण नसताना छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, वाटलं आता मी मरतो. मला खाली उतरवावं लागलं. नंतर ते कधीही यायचं, बाजारात, लग्नात, जेवताना. पारावरचे गडी विचारायचे, "काय बे, ट्रकाला भेलास व्हय?" आईनं देवऋषी केले, लिंबं उतरवली. शेवटी माझा मामा, जो मॅडमच्या कॉलेजात शिपाई होता, मला टाक्या धुवायच्या कामाला घेऊन आला. माणसांपेक्षा मासे बरे, असं त्याला वाटलं असावं.

मॅडमचा एक प्रयोग होता. मासा ओळखीच्या टाकीतून काढायचा, नव्या टाकीत सोडायचा, कॅमेरा लावायचा आणि पडद्यामागं गप बसायचं. मासा सरळ तळ गाठायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कुजबुजलो, "मॅडम, आजारी हाय का त्यो?"

"नाही. घाबरलाय. जागा नवी आहे."

"मंग आता?"

"आता काही नाही. थांबायचं. त्याला पटलं की इथं कुणी खात नाही, की येईल वर."

थोड्या वेळानं तो खरंच वर आला. पण काही मासे लई वेळ तळालाच राहायचे, आणि मॅडमचं सगळं लक्ष त्यांच्यावर. म्हणायच्या, "तळाला बसलेल्याला आळशी म्हणू नका हो. त्याला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही." मला अहोजाहो करणारं आयुष्यातलं ते पहिलं माणूस. याचा मेंदू ज्वारीच्या दाण्याएवढा, पण भ्याल्यावर माणसाच्या अंगात जे रसायन वाढतं तेच याच्याही अंगात वाढतं, हे त्यांनीच सांगितलं. मी ते ऐकून कितीतरी वेळ त्या दाण्याचाच विचार करत राहिलो.

एका उन्हाळ्यात सगळेच मासे तळाला जाऊन बसले. मॅडमनी पाणी तपासलं, खाणं तपासलं, मग काचेवर तळवा ठेवला. काच थरथरत होती. मागच्या मंगल कार्यालयात डीजे लागला होता. मॅडम तशाच निघाल्या, मागोमाग मी. नवरदेवाच्या मामाला म्हणाल्या, "आवाज जरा कमी करता का?"

"कावून?"

"माझे मासे घाबरतात."

मामानं त्यांना खालवर बघितलं. "मॅडम, वरात नवरदेवाची हाय का माशाची?"

मॅडम मूळच्या उमापूरच्या, आमच्याच भागातल्या. राग आला की वर्गातली भाषा गळून पडायची. "मलाबी वरात कळती. तुमची म्हातारी तिकडं कानात बोळे घालून बसलीय, तिला तरी इचारा!" आवाज काही कमी झाला नाही. उलट वऱ्हाडानं आम्हा दोघांना पंगतीला बसवलं आणि जिलेबी आग्रहानं वाढली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पंचांग आणून टाक्यांशेजारी टांगलं. लग्नाचा मुहूर्त असेल त्या दिवशी प्रयोग बंद, नसेल त्या दिवशी चालू. माझा मामा मात्र गावभर सांगत सुटला, "बाई लई धार्मिक. पंचांग बघितल्याबिगर माशाला हात लावत न्हाईत."

असं सगळं बरं चाललेलं असताना एका दुपारी मला पुन्हा तसं झालं. टाकी पुसता पुसता मी भिंतीला टेकून खाली बसलो. मॅडम आल्या आणि माझ्या बाजूला फरशीवर बसल्या. 'घाबरू नका' म्हणाल्या नाहीत, 'मर्दासारखा मर्द आणि घाबरताय?' असंही म्हणाल्या नाहीत. श्वास जाग्यावर आल्यावर विचारलं, "कधीपासून होतंय?" मी ट्रकापासूनचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊ."

"येड्याच्या?"

"मनाच्या. पोट दुखलं तर जाताच की."

"तुमीच सांगा की औषध. तुमचा अभ्यास हाय."

"माझा अभ्यास माशांचा आहे. तुमचं डॉक्टर सांगतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई, मला वाटलं आता मलाबी टाकीत सोडून बघता का काय!" मॅडम खळखळून हसल्या. त्या खोलीत त्यांना मोठ्यानं हसताना मी तेवढं एकदाच ऐकलं. सगळे मासे सुळकन खाली गेले. डोळे पुसत म्हणाल्या, "झालं, आजचा प्रयोग बुडवलात."

सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या रांगेत आम्ही बसलो होतो. मला एकाच गोष्टीची धास्ती, गावचं कुणी बघायला नको. आणि नेमका आमच्या वस्तीवरचा एक गडी समोरून आला. "काय बे! तू हितं? येड्याच्या रांगेत?" पुढं बहिणीचं लग्न ठरायचं होतं. भाऊ येडा म्हणल्यावर तिला कोण करून घेणार?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला दाखवायचंय. हे माझ्यासोबत आलेत."

तो गडी मला विसरला आणि मॅडमकडं वळून वळून बघत गेला.

बातमी त्यानं गावाला नेली आणि जाता जाता अंबाजोगाईतही वाटली. माशांच्या नादानं मासेवाल्या मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक बोलायला लागले. एका पोरानं तर भर वर्गात विचारलं, "मॅडम, गोळी घेतली का?" मॅडम म्हणाल्या, "घेतली. तुम्हीही घ्या, परीक्षा जवळ आलीय." वर्ग हसला. दारात खडूचा डबा घेऊन उभा असलेला मी मात्र हसलो नाही. संध्याकाळी त्यांना म्हणालो, "मी सांगून टाकतो समद्यांला." त्यांनी हात वर करून थांबवलं. "आत्ता नाही. बहिणीचं होऊ द्या, तुम्ही बरे व्हा. भीती गेल्यावर सांगा. भीतीपोटी काही सांगू नका आणि लपवूही नका." दर महिन्याला त्या माझ्यासोबत रांगेत बसत राहिल्या आणि लोक बोलत राहिले.

मी हळूहळू सावरलो. इथं बेंगळुरूतल्या एका संस्थेत झेब्रामासे सांभाळायला माणूस हवा होता, तिथं मॅडमनी फोन केला. मी ऐकत उभा होतो. "सातवी शिकलेत. पण मासे त्यांना भीत नाहीत." स्टँडवर सोडायला आल्या तेव्हा मी काहीतरी बोललो, ते गर्दीत त्यांना ऐकूच गेलं नाही. म्हणाल्या, "अहो, मोठ्यानं बोला! हा स्टँड आहे, आपली खोली नाही." मग गाडी निघाली आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

बहीण आता सासरी सुखात आहे. अजून कधी कधी छाती धडधडते, गोळी चालू आहे, पण कामाचा खाडा होत नाही. मामानं फोनवर सांगितलं, मॅडम या वर्षी रिटायर होतायत, निरोपाचा कार्यक्रम आहे. वर असंही म्हणाला, "पोरं अजून म्हणत्यात बग, बाई चांगल्या हायेत, पण मधी जरा डोकं सरकलं होतं."

ते ऐकल्यापासून माझं ठरलंय. मी जाणार. शिरूरहून माझ्या भावकीलाही बोलावून घेणार, आणि भरल्या सभेत उभा राहून सांगणार की त्या रांगेतला पेशंट मी होतो, मॅडम फक्त सोबतीला होत्या. आवाज कापेल. कापू दे. मॅडम, तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलेलं माझं नाव मी परत न्यायला येतोय.