पाच वाजताचा सूर

कुरामोरीत पाच वाजले की नगरपालिकेच्या भोंग्यांतून एक सूर वाजतो आणि मुलं घरी पळतात. जपानच्या गावोगावी असंच असतं. आमच्याकडे तो सूर एक लिनक्स मशिन, म्हणजे लिनक्सवर चालणारा संगणक, वाजवायचं. एप्रिलमध्ये वीज गेली, परत आली, मशिन चालू झालं. सूर मात्र मुका.

नगरपालिकेत चौकशीच्या खिडकीवर काजितानी सुमिएबाई बसत. त्यांचं वय अठ्ठावन्न. शेजारचं टेबल माझं. मुलांच्या आयांचे फोन सुरू झाल्यावर बाईंनी सरळ माईक उचलला आणि पाच वाजता स्वतः गायल्या. गळा असा की मुलं पूर्वीपेक्षा लवकर घरी पोचली. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी महापौरांनीच दोन जाणकार बोलावले.

सूर आपोआप सुरू करायचा, तर मशिनमध्ये सगळ्यात आधी उठून बाकीच्यांना कामाला लावणारा प्रोग्राम कोणता, हे कळायला हवं. मशिन बसवणारा माणूस गाव सोडून गेला होता आणि कागद एकही नव्हता.

"सिस्टमडीच असणार, आजकाल सगळीकडे तेच," तिशीतला तोकुनागा म्हणाला. त्याने सिस्टमडीची आज्ञा टाईप केली. अशी आज्ञाच नाही, असं उत्तर आलं.

"सांगत होतो! आमच्या काळातला जुना इनिट आहे," सत्तरीचे हामासाकी टाळी वाजवून म्हणाले. पण त्या इनिटच्या याद्या जिथे असायच्या तिथे शोधल्या, तर त्याही नाहीत.

"तुम्हाला नीट बघता येत नाही, आजोबा."

"आणि तुला टाईप करता येत नाही, पोरा!"

साडेचार वाजले. सुमिएबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, भांडता कशाला? सगळ्यात आधी उठतो तो पहिल्या नंबरावर असणार. तिथे कोण आहे, ते त्या मशिनलाच विचारा की."

विचारलं. उत्तर आलं: इनिट.

"बघ!" हामासाकी उसळले.

"ते नुसतं नाव आहे. त्या नावाखाली सिस्टमडीसुद्धा असतो," तोकुनागा म्हणाला.

"मग पाटीमागे कोण बसलंय ते बघा," बाई म्हणाल्या. "माझ्या खिडकीवर 'चौकशी' लिहिलंय, म्हणून मला काही माहीत असतं का?"

त्या नावाची फाइल कुठे नेते, हे तोकुनागाने पाहिलं. ती निघाली बिझीबॉक्सकडे. बिझीबॉक्स म्हणजे एकाच फाइलीत अनेक छोटे प्रोग्राम कोंबलेली पेटी. मग त्याने हळूच दुसरीच आज्ञा दिली आणि सेवांची यादी पडद्यावर आली. बाकीच्यांना कामाला लावणारा तिसराच प्रोग्राम निघाला, ओपनआरसी. दोघंही चुकले होते. आणि यादीत सूर नव्हताच! बसवणाऱ्याने तो पहिल्या दिवशी हाताने सुरू केला होता आणि यादीत घालायचं तो विसरला होता; तेव्हापासून मशिन एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं तो बिननोंदणीचा नोकर होता?" बाईंनी विचारलं.

"हो," हामासाकी मान खाली घालून म्हणाले.

सूर यादीत घातला. मशिन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पाचाला सूर वाजला. दोघंही एकमेकांकडे न बघता टाळ्या वाजवत होते.

ते गेल्यावर बाईंनी पांढरी चिकटपट्टी घेतली, मशिनवर डकवली आणि जाड पेनाने लिहिलं: 'ओपनआरसी. भांडू नये.'