मावशीची क्वालिटी

महाडच्या एमआयडीसीत एका परदेशी कंपनीच्या क्वालिटी विभागात मी आहे, त्यामुळे जगाला शिस्त लावायची मला खाज. पोलादपूरची माझी मावशी नाचणीचे पापड करून विकते. तिला विचारलं, "माल तपासतं कोण?"

"शेजारीण. पहिला पापड भाजून तिला देते. आजवर कशाला चांगलं म्हटलेलं नाय तिनं."

तेवढ्यात शेजारीण आलीच. पापड खाता खाता तिने माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "छान झालेत."

मावशीचा चेहरा पडला. शेजारीण गेल्यावर तिने तुकडा तोंडात टाकला. मीठच नव्हतं.

"साहेब बघून खोटं बोलली. पापडाच्या दिवशी तू येत जाऊ नको रे."

मी गुपचूप कार्ड खिशात घातलं. आमच्याकडेही ऑडिटर आला की सगळं छानच असतं.