साडूंनी बाहेरून मोजलेलं कॅबिनेट

माझ्या साडूंनी पहिल्याच नजरेत पास केली, अशी वस्तू या भूतलावर अजून तयार व्हायची आहे. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत. दिवसभर लोखंडी पार्ट मोजून बाद करायचे आणि संध्याकाळी निगडीच्या मंडईत वांगी बाद करायची, हा त्यांचा शिरस्ता. मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या मेहुणीलाही ते दुसऱ्यांदा बघून गेले होते, असं सासरे अजून ऐकवतात. स्कूटर चाळीसच्या वर नेत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत मात्र हाच माणूस कठडे तोडत दोनशेने सुटतो.

त्या कॉम्प्युटरचे भाग बदलायची वेळ आली ती त्यांच्या लेकीमुळे, म्हणजे माझ्या भाचीमुळे. तिला लग्नाची फिल्म एडिट करायचं पहिलंच काम मिळालं आणि जुनं यंत्र घडीघडी मान टाकायला लागलं. साडू निवडीला बसले. प्रोसेसर ठरला की रॅम नापसंत, रॅम ठरली की पॉवर सप्लायवर संशय. "पुढच्या महिन्यात नवीन येतंय, थांबा जरा," हे पालुपद. चिंचवडचा दुकानदार त्यांना लांबून पाहूनच शटरकडे हात न्यायचा. रिसेप्शन दोन दिवसांवर आलं, फिल्म तिथेच पडद्यावर दाखवायची होती, तेव्हा भाची म्हणाली, "बाबा, आज नाही आणलंत तर मी काम परत करते." त्या दिवशी सगळं आलं, एक कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, सोडून. "जुन्याचा पत्रा बघा की राव! असा आता मिळत नाही," साडू म्हणाले.

रविवारी सकाळी जोडणी. मी टॉर्च धरून. सगळं बसलं, फक्त ग्राफिक्स कार्ड बसेना. बोटभर लांब.

"साडू, मोजलं होतं ना तुम्ही?"

"मोजलं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "बाहेरून."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. भाचीचा फोन वाजला. नवरदेवाचा भाऊ होता. तिने तो उचलला नाही. रिसेप्शन त्याच संध्याकाळी, आणि दुकान बंद. कार्ड अडत होतं ते हार्ड डिस्कच्या रिकाम्या पिंजऱ्याला, आणि तो रिबिटांनी ठोकलेला. साडूंनी सगळं पुन्हा बाहेर काढलं, ड्रिल आणलं आणि त्या लाडक्या पत्र्याला लावलं. पिंजरा सुटला. लोखंडाचा कीस त्यांनी ब्रशने कणकण झाडला.

पुन्हा जोडणी. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच.

"बाबा..."

"थांब."

मी देवाचं नाव घेणार, तेवढ्यात पडदा उजळला. दारात येऊन उभी राहिलेली मेहुणी परत भांड्यांकडे वळली.

भाची लगेच कामाला लागली. साडू तिच्या मागे स्टूल घेऊन बसले. दुपारी पाठवणीचा भाग आला. गाडी निघून गेली होती आणि नवरीचे वडील रस्त्याकडे बघत नुसते उभे होते. भाचीने तो तुकडा कापायला निवडला.

"हे नको कापू."

"बाबा, फार लांब होतंय. धूसरही आलंय."

"असू दे गं."

एवढं बोलून ते उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. भाची जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तो तुकडा तसाच ठेवला.