मधला खाडा

बायकांना बोलतं करणं मला चांगलं जमायचं. नसतं जमलं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पेणमध्ये मी शक्तिवर्धक पावडरीचे डबे घरोघर फिरून विकायचे. मला या धंद्यात आणलं रोह्याच्या एका ताईंनी. त्या म्हणायच्या, "डबे कोणीही विकेल. तू विकणाऱ्या बायका तयार कर." अशी तयार झालेली बाई म्हणजे कंपनीच्या भाषेत लीडर.

माझी रीत साधी होती. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की जिचे पाय लटपटतात, तीच बाई हळदीकुंकवाला उखाणा मात्र ठसक्यात घेते. म्हणून मी आधी उखाणा घ्यायला लावायचे आणि टाळ्या पडल्या की खाली बसू न देता घरातला अनुभव सांगायला लावायचे. आणखी एक गोष्ट शिकवायचे. गुण आला नाही अशी कोणी तक्रार केली तर वाद घालायचा नाही. शांतपणे विचारायचं, "मधे खाडा झाला का?" रोजच्या घेण्यात एखादा दिवस कोणाचा चुकत नाही? तक्रार करणारीच ओशाळते. या युक्तीवर मी फार खूश होते.

जवळच्या गडब गावची एक सून माझ्या हाताखाली आली. मान वर न करणारी, पण भारी तल्लख. "घरातला अनुभव काय सांगू, ताई? आमच्याकडं समदी धडधाकट हायत," ती म्हणाली.

"सासूबाईंना साखर आहे ना? त्यांना दे," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर, असं म्हटलं नव्हतं. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

भाताची लावणी आटोपल्यावर रोह्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये तिला लीडर म्हणून उभं करायचं ठरलं. ती लीडर झाली की मीही एक पायरी वर चढणार होते. सकाळी तिला घ्यायला मी गडबला उतरले. ती आत साडी नेसत होती. सासू ओटीवर पाय पसरून बसली होती. उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या.

"काय झालं हो?"

"बांधावर ठेच लागली गो बाय. म्हयना झाला, सुकत नाय. पन दुखत नाय बघ जरापन."

माझ्या वडिलांनाही साखर होती. न दुखणारी जखम कुठवर जाते, ते मी घरात पाहिलं होतं.

"डॉक्टरांना दाखवलंत? गोळ्या घेताय ना?"

"सून म्हनली, आता गोळ्या कशाला? पावडर हाय ना."

तिथल्या तिथे म्हातारीला रिक्षात घालून पेणला न्यायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी परत येताना बोलू," म्हणाले.

रोह्याला सुनेनं झकास उखाणा घेतला आणि न थांबता म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या बंद झाल्या!" हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच होत्या. ताईंनी आम्हा दोघींना जवळ घेऊन फोटो काढला. परतीला एसटी गडबला थांबली, सून उतरली. मी दमले होते. खिडकीतून हात केला, उतरले नाही.

पुढच्या महिन्यात म्हातारीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा ती त्याच ओटीवर निजली होती. मला पाहून रडेल, शिव्या घालेल, या तयारीनं गेले होते. तिनं माझा हात धरला.

"तुझ्यावर राग नाय गो. चूक माजीच. लावनीत दोन दिस पावडर ऱ्हायली. सून म्हनते, मधी खाडा झाला."

सून दारात उभी होती, आता मान वर करून. उत्तर बरोबर आलं का, ते माझ्या चेहऱ्याकडे पाहून तपासत होती. मला तिची भीती वाटली.

"खाड्यानं काही होत नाही हो," मी कशीबशी म्हणाले. "ते मीच शिकवलेलं आहे. खोटं आहे ते."

"आसू दे गो," म्हातारी माझाच हात थोपटत म्हणाली. "आता येक दिस चुकवनार नाय."

तिच्या उशाशी नवा डबा होता.